पांढऱ्या पळसाचा पत्ता

ताई, दवाखान्यात तू मला म्हणालीस, "बापू, ते पांढरं..." आणि तेवढ्यात सिस्टर सलाईन बदलायला आत आली. मी खुर्ची मागे घेतली. सिस्टर बाहेर जाईपर्यंत तुझा डोळा लागला होता. दुसऱ्या दिवशी तू बोलण्याच्या स्थितीत नव्हतीस. तिसऱ्या दिवशी सकाळी तू गेलीस.

आज एकोणीस दिवस झाले. भेटायला आलेले लोक बरंच काही बोलून गेले, पण माझ्या डोक्यात तुझं ते अर्धं वाक्यच अडकून बसलं आहे. पांढरं म्हणजे पांढरा पळस, हे मला तिथेच कळलं होतं. आपल्या दोघांमध्ये दुसरं पांढरं काही नव्हतं. नऊ वर्षं आपण त्याचं नाव काढलं नाही. मग शेवटी का काढलंस? मला बोल लावायचा राहिला होता, की माफ करायचं राहिलं होतं? दोन्हींत फार फरक आहे आणि मला कोणतं ते माहीत नाही.

आणि इकडे फोन सुरू आहेत. "साहेब, औंदाची यादी कवा टाकता?" अकोल्याचा तो फोटो काढणारा मुलगा, कारंज्याच्या त्या शिक्षिका, ज्या दरवर्षी सासूबाईंना घेऊन पळस पाहायला निघतात. तू गेल्याचं त्यांना माहीत नसतं. मी सांगतो. ते हळहळतात, आणि मग विचारतात, "मग यादी?" मला राग येत नाही. पळस कोणासाठी थांबत नाही, हे त्यांना आपणच शिकवलं.

यादी ही तुझीच कल्पना. तुझी मनीषा लग्नानंतर जावयांबरोबर जपानला गेली, त्या पहिल्याच वर्षी तिने तुला चेरीच्या फुलांचे फोटो पाठवले होते. तिथे कोणत्या शहरात कोणत्या आठवड्यात झाडं फुलणार हे आधीच जाहीर होतं, असं तिने सांगितलं. दक्षिणेला आधी, टोकियोला मार्चच्या शेवटी, आणि पार उत्तरेला पोचेपर्यंत एप्रिल संपून जातो. लोक त्याप्रमाणे रजा काढतात, डबे घेऊन झाडाखाली जाऊन बसतात. तू फोन माझ्यापुढे धरून विचारलंस,

"म्हंजे फुलाच्या मांगं मांगं गाडीत बसून जाता येते?"

"येतं म्हणते."

"आन् आपला पळस फुलते, तं लोकं त्याच्या खालून मोटरसायकली दामटतात. मान वर करत नाही एक जन. बापू, तू मोजनीचा मानूस हायेस. तू बनव ना आपली यादी. कुठी पाहाचं, कवा पाहाचं."

मी बनवली. जमीन मोजणं हा माझा धंदा, तेव्हा "कुठे" माझ्याकडे आलं. "केव्हा" तुझ्याकडे राहिलं, कारण ते माझ्याच्याने कधी जमलं नाही. मी मागच्या वर्षांच्या तारखा घेऊन सरासरी काढायचो. तू झाडाखाली जाऊन फांदी वाकवायचीस आणि कळी चिमटीत धरायचीस. कळीवरची ती काळपट मखमल घट्ट असेल तर अजून पंधरा दिवस. तिला चीर जाऊन आतून पोपटाच्या चोचीसारखं केशरी टोक दिसलं की आठ. बरड मुरमावरचं झाड आधी फुलणार, नाल्याकाठचं मागून. पानं आधी झडली पाहिजेत. ज्याच्यावर पानं टिकून आहेत ते झाड आळशी. एका वर्षी माझी सरासरी आणि तुझी चिमटी यांत नऊ दिवसांचा फरक पडला. इंझोरीच्या अलीकडच्या उतारावर मी चार घरच्या लोकांना घेऊन गेलो, तर सगळ्या फांद्या काळ्याच. तू दगडावर बसून पोट धरून हसलीस.

"कागदावर फुलला असंन रे तुहा पळस! अठी नाही फुलला अजून."

झाडांना मी गेरूने नंबर घातले तेव्हाही तू सोडलं नाहीस. "झाडाले बी सातबारा देतं का आता? वारस कोन लावतं मंग?" पण नंबर घालताना गेरूचा डबा तूच धरला होतास.

त्या यादीत मालेगावहून निघालं की रस्त्याच्या डाव्या हाताची रांग होती. आसेगावच्या वाटेवरचा माळ होता, जिथे सकाळी आठच्या आत गेलं तर साळुंक्या आणि बुलबुल फुलांत तोंड घालून भांडताना दिसतात. फेब्रुवारीच्या मध्यापासून पाहत राहा, खरा भर होळीच्या आगेमागे, एका झाडाचा बहर दोन-तीन आठवडे, सकाळची उन्हं तिरपी असताना पाहा, दुपारी पाहू नका. सगळं लिहिलं होतं. पहिल्या दोन वर्षांत ती यादी मोबाईलवरून कुठून कुठे गेली, आपल्याला पत्ता लागला नाही. लोक यायला लागले. तू माळावर उभं राहून त्यांना बघायचीस. ते फुलं बघायचे आणि तू त्यांना.

तिसऱ्या वर्षी आपलं भांडण झालं.

पांढरा पळस तुझ्या शिवारात होता. तुझ्या गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. ते झाड दुधासारखं पांढरं नव्हतं. म्हैस व्यायल्यावर पहिल्या धारांचा जो चीक निघतो, तसा त्याच्या फुलांचा रंग. तू सासरी आलीस तेव्हापासून ते तुला माहीत होतं आणि मला तू ते माझ्या लग्नानंतर पहिल्यांदा दाखवलंस, तेही मी कोणाला सांगणार नाही असं वदवून घेऊन. आपल्याकडे पांढऱ्या पळसाबद्दल लोक काय बोलतात ते दोघांनाही ठाऊक होतं. त्याच्या मुळीने गुप्तधन सापडतं, साल घरात ठेवली की बरकत येते. मी अशा गोष्टी मानत नाही. न मानणाऱ्या माणसाची चूक अशी होते की, दुसरेही मानत नसतील असं तो धरून चालतो.

"बाकी सारे लिही," तू म्हणालीस. "तेवढं एक नको लिहू."

"ताई, सगळ्या तालुक्यात असं झाड दुसरं नाही. ते सोडून यादी दिली तर ती अर्धी यादी होईल."

"होऊ दे अर्धी."

"अर्धी यादी म्हणजे खोटी यादी."

"मंग खोटी होऊ दे! तुले यादी मोठी का झाड मोठं?"

घरी आलो आणि लिहिलं. नुसतं गावाचं नाव लिहिलं असतं तरी कदाचित निभावलं असतं. पण मी मोजणीचा माणूस. कोणत्या नाल्यापासून कोणत्या दिशेला किती पावलं, बांधाच्या वर की खाली, सगळं नेमकं लिहिलं. डोळ्याला पट्टी बांधलेला माणूसही पोचला असता.

यादी पाठवल्यावर अकराव्या दिवशी तुझा फोन आला. तू फक्त म्हणालीस, "ये." मी पोचलो तेव्हा सकाळचे साडेनऊ झाले होते. माणूस हात वर करून जिथवर पोचेल तिथवर चारी बाजूंनी साल सोललेली होती. बुंध्याला तीन खड्डे, मुळ्या कुऱ्हाडीने तोडून नेलेल्या. एका खड्ड्यात चिरलेली लिंबं, हळदकुंकू आणि कोंबडीची काळी पिसं. वर फांद्यांवर मात्र फुलं तशीच होती. झाडाला अजून कळलंच नव्हतं.

मी तेव्हा तुला काय म्हणालो, हे मला शब्दाशब्दाने आठवतं. मी म्हणालो, "ताई, मी खोटं काहीच लिहिलं नव्हतं."

आणि तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, "खरं लिहिलं म्हनून तं गेलं."

त्यानंतर ते झाड दोन उन्हाळे झुरलं. तिसऱ्या उन्हाळ्यात मी यादीत त्याच्यापुढे "वाळले" असं लिहिलं, त्याच्या पुढच्या वर्षी ती ओळच काढून टाकली. तू भांडली नाहीस. भांडली असतीस तर बरं झालं असतं. तू आधीसारखीच माझ्याबरोबर फेरीला यायचीस, कळ्या चिमटीत धरायचीस, "आठ दिस," "पंधरा दिस," सांगायचीस. पत्रावळीसाठी पानं तोडायचीस, रंगासाठी फुलं उकळायचीस, माझ्या नातवंडांना तो केशरी रंग लावायचीस. फक्त त्या बांधाकडे आपण दोघंही वळत नव्हतो. मी "चुकलो" एवढा एक शब्द म्हणायचा होता. नऊ वर्षांत तो म्हटला नाही. प्रत्येक वर्षी वाटायचं, आता इतका काळ गेल्यावर विषय काढून कशाला तुला दुखवायचं. हे कारण मला फार सोयीचं होतं.

मागच्या वर्षीचं एक मात्र मी मनात धरून ठेवलं होतं, तेही सांगतो. फेरीचा दिवस ठरलेला असताना तू आली नाहीस. सात वेळा फोन केला, उचलला नाहीस. संध्याकाळी म्हणालीस, "बकऱ्यायच्या मांगं गेली होती." तुझ्याकडे बकऱ्या कधी होत्या? मला वाटलं, तुला आता माझ्याबरोबर फिरायचं नाही. आठ-दहा दिवस मी तुला फोन केला नाही. आता ते दिवस मोजले की नको वाटतं.

यंदा मार्चअखेरीला तू मनीषाकडे जायची होतीस. पासपोर्ट आला होता, त्यावरचा तुझा फोटो पाहून तू म्हणाली होतीस, "हे बाई चोरी करून पळून चालली काय?" मी तुला तक्ता करून दिला होता, कोणत्या शहरात चेरी कधी फुलते त्याचा. तू आधीच बजावलं होतंस की आपला पळस झडल्याशिवाय विमानात पाय ठेवणार नाही. मनीषा आली ती तू गेल्यावर दुसऱ्या दिवशी. तेराव्याला पंगत बसली तेव्हा कागदी पत्रावळी होत्या. मी दोन ओळी वाढल्या आणि मग बाहेर जाऊन उभा राहिलो.

परवा मी एकटाच फेरीला निघालो. यादी द्यायची की नाही हे ठरलं नव्हतं, पण कळ्या पाहून ठेवाव्यात म्हटलं. पहिल्या झाडाखाली फांदी वाकवली, कळी चिमटीत धरली. काही कळलं नाही. घट्ट म्हणजे किती घट्ट? हे मी तुला कधी विचारलं नाही, तू आहेस म्हणून.

पांदणीत, शेतांमधल्या गाडीवाटेवर, सोनीबाई भेटली. तांड्यावरची. तिचं खरं नाव वेगळं आहे, तेही मी इथे लिहीत नाही. मुलगा-सून ऊसतोडीला जातात, ही मागे राहते, नात आणि पंधरा-वीस शेळ्या सांभाळते. तुझ्याकडे तिचं येणंजाणं होतं एवढंच मला माहीत होतं. तेराव्याला ती आली होती, पण जेवली नव्हती. मला पाहून ती काठी टेकून उभी राहिली.

"भाऊ, एकटेच?"

"आता एकटाच."

ती जवळ आली. मग म्हणाली, "बाईनं तुमाले काही सांगतलं का जाताना?"

मी म्हणालो, "अर्धंच सांगितलं."

"काय म्हने?"

"ते पांढरं, एवढंच."

सोनीबाई खाली बसली, पदराने तोंड पुसलं आणि मग तिने मला जे सांगितलं ते मी इथे तिच्याच शब्दांत लिहितो. "ते झाड जगत नाही हे बाईले पयल्याच दिशी समजलं होतं. चोरायनं ज्या मुळ्या सोडल्या होत्या ना, बोटावानी जाड, त्या आमी दोघीयनं काढल्या. वल्ल्या बारदान्यात गुंडाळल्या. तुमी मोटरसायकलवर बसून घरी गेले, आन् आमी कामाले लागलो. सहा लावल्या. तिथं नाही, दुसरीकडं. चार मेल्या. दोन जगल्या. भवताल बोरीचे काटे लावले, माह्या बकऱ्या मी दूर ठेवल्या. मांगच्या साली त्यातलं एक पयल्यांदा फुललं. बाई दिसभर त्याच्यापाशी बसून राह्यली, जेवाले बी उठली नाही. तिचा फोन वाजे अन् ते बंद करे. म्हने, बापूचा हाये, काय सांगू त्याले?"

सात वेळा, ताई.

मला आधी राग आला. हे तुला खरंखरं सांगतो, कारण आता लपवून काय उपयोग. नऊ वर्षं. नऊ वर्षं तू मला वाळलेलं झाड लिहू दिलंस, खोडू दिलंस आणि त्याचा अपराध वाहू दिलास. तांड्यावरच्या बाईला सांगितलंस, सख्ख्या भावाला नाही. मी सोनीबाईला म्हणालो, "मला का नाही सांगितलं?"

"तुमाले कायले सांगन?" ती फटकन म्हणाली. "तुमी लिहून टाकलं असतं."

शेळ्या पुढे सरकल्या होत्या, तिने तोंडाने आवाज करून त्यांना थांबवलं.

मग जरा मवाळ होऊन म्हणाली, "पन दिवाळीपासून तिचा जीव घाबरे. म्हने, सोने, मी गेली तं बापूले सांगाले पाह्यजे. मंग म्हने, नाही, असंच नको सांगू. बापूनं इचारलं तं सांगजो. नाही इचारलं तं नको सांगू."

म्हणजे ते वाक्य तू पूर्ण करणार होतीस, की मी विचारतो का हे पाहत होतीस? मला कळत नाही. पण आता विचारणं माझ्या हातात आलं होतं. सोनीबाई वाट पाहत होती. तिने ठरवलेलं दिसत होतं की मी विचारलं तर ती मला लगेच तिथे घेऊन जाईल.

मला विचारायचं होतं. फार विचारायचं होतं. ते जिवंत आहे हे ऐकणं आणि ते पाहणं यात किती अंतर असतं ते मला कळत होतं. कारणंही योग्य होती. उन्हाळ्यात लोक धुऱ्यांवरचं, बांधांवरचं गवत पेटवतात, एखाद्या दिवशी जेसीबी येऊन पांदण सरळ करतं, दोन झाडांना कितीसा वेळ लागतो? ठिकाण माहीत असलेला एक शहाणा माणूस असायला नको का? मी कोणाला सांगणार नाही, लिहिणार नाही. हे मी मनात म्हटलं आणि मला आठवलं की लग्नानंतर त्या झाडाखाली उभं राहून मी तुला अगदी हेच म्हणालो होतो.

"मी मेली तं?" सोनीबाईने विचारलं. माझा विचार तिला चेहऱ्यावर वाचता आला असावा.

"तुम्ही एवढ्यात मरू नका."

"हे काय माह्या हातात हाये का?" ती हसली.

"नातीला दाखवा. मला नको."

तिला हे अपेक्षित नव्हतं. मलाही नव्हतं. मग मी म्हणालो, "कुठे आहे ते राहू द्या. फुलतं केव्हा, तेवढं सांगा."

सोनीबाईने अंगठा आणि दोन बोटं जोडून हवेत चिमटी केली. अगदी तुझ्यासारखी. "चीर गेली हाये. पाच दिस, नाही तं सहा. दुसरं बी औंदा फुलनार हाये. त्याच्यावर कळ्या धरल्या."

"तुम्हाला हे कोणी शिकवलं?"

"कोन शिकवन? बाईनं."

ताई, मी चुकलो. हे मी तिथे मोठ्याने म्हणालो. सोनीबाईला वाटलं मी तिच्याशी बोलतोय. ती म्हणाली, "असू द्या भाऊ," आणि काठी उचलली.

यादी मी आज सकाळी पाठवली. सगळ्या जागा आहेत, आधीसारख्याच, पावलांसकट. "केव्हा" या रकान्यात सोनीबाईला विचारून दिवस लिहिले आहेत. अर्धी आहे, आणि ती अर्धी आहे हे मी पहिल्याच ओळीत लिहिलं आहे.

परवा सोनीबाई शेळ्या हाकत निघाली तेव्हा ती कोणत्या बाजूला वळते ते मला दिसू नये म्हणून मी मोटरसायकल उलटी फिरवली आणि पांदणीकडे पाठ करून उभा राहिलो. शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येत होत्या. इतकी वर्षं रान मोजलेल्या माणसाला आवाजावरूनही दिशा कळते, अंतर कळतं. म्हणून मी किक मारली आणि ॲक्सिलरेटर पिळून धरला. काही ऐकू येईना, तरी तो तसाच धरून ठेवला.